नव्या प्लेअरमध्ये गाणी भरताना या चुका टाळा

नवा प्लेअर हातात आला की पहिला मोह होतो तो सगळी गाणी एकदम त्याच्यात ओतायचा. जुन्या आयपॉडमधली, मोबाइलमधली, कॅसेटवरून कधीतरी उतरवून घेतलेली, पेन ड्राइव्हवर मित्राने दिलेली, सगळी एका रात्रीत. दुसऱ्या दिवशी प्लेअर उघडावा तर निम्मे अल्बम विस्कटलेले, गायकांची नावे चौकोनांत आणि बैठकीतली द्रुत बंदिश विलंबिताच्या आधी. प्लेअर खराब नसतो. गाणी पोहोचलेली असतात, पण त्यांची माहिती वाटेत सांडलेली असते.

म्हणून मूळ संग्रह संगणकावर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, प्लेअरमध्ये फक्त त्याची प्रत जाऊ द्या. साफसफाई, नावे बदलणे, टॅग (फाइलीतच साठवलेली गाणे, गायक, अल्बम यांची माहिती) भरणे हे सगळे मूळ संग्रहावर करा. प्लेअरच्या मेमरी कार्डावर बसून दुरुस्त्या केल्या की त्या तिथेच राहतात, आणि कार्ड गेले की मेहनतही जाते.

जुन्या प्लेअरमधून गाणी काढताना

सगळ्यात महाग चूक इथे होते. जुना आयपॉड नव्या संगणकाला जोडला की आयट्यून्स हे ॲपलचे सॉफ्टवेअर विचारते की हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून पुन्हा सिंक करू का? घाईत ‘हो’ म्हटले की आयपॉड रिकामा होतो. विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल, मॅकवर कमांड आणि ऑप्शन दाबून धरून आयपॉड जोडला तर आपोआप होणारे सिंक थांबते.

क्लासिक, नॅनो आणि शफल या आयपॉडमध्ये गाणी ‘आयपॉड कंट्रोल’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतात. संगणकावर लपवलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू करा. आतल्या ‘म्युझिक’ फोल्डरात एफ००, एफ०१ असे कप्पे आणि त्यांत चार अक्षरांच्या, काहीच अर्थ न लागणाऱ्या नावांच्या फाइल दिसतील. घाबरू नका, गाण्याचे नाव फाइलच्या पोटात, टॅगमध्ये शाबूत असते. तो अख्खा फोल्डर संगणकावर उतरवा, एमपी३टॅग या (विंडोजवर मोफत) सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि टॅगवरून फाइलला नाव द्यायची सोय वापरा. हजार फाइलींची नावे एका फटक्यात बदलतात. आयपॉड मॅकवर तयार केलेला असेल तर त्याची डिस्क विंडोजला वाचता येत नाही, तेव्हा हे काम मॅकवरच करा.

दोन गोष्टी मात्र या वाटेने येत नाहीत. प्लेलिस्ट आयपॉडच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात, फाइलींत नाही. आणि आयट्यून्सने आपणहून उतरवलेली अल्बमची मुखपृष्ठे संगणकावर वेगळ्या फोल्डरात साठलेली असतात, गाण्याच्या फाइलमध्ये घातलेली नसतात. नव्या प्लेअरवर चित्रे गायब होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

‘एम४पी’ शेपटाच्या फाइल सापडल्या तर त्या वेगळ्या काढा. २००९ पूर्वी आयट्यून्सच्या दुकानातून घेतलेली बरीच गाणी कुलूपबंद आहेत आणि दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर वाजत नाहीत. साधी ‘एम४ए’ फाइल बहुतेक प्लेअरवर चालते. तिच्या आत एएसी (एमपी३सारखा दाबलेला प्रकार) असू शकते किंवा ॲपलचे लॉसलेसही (आवाज न गमावता दाबलेला प्रकार), आणि जुन्या, स्वस्त प्लेअरना दुसरे झेपत नाही. तसे असेल तर लॉसलेसचे फ्लॅक (तसाच, पण ॲपलचा नसलेला प्रकार) करून घ्या. आवाजातला एक कणही कमी होत नाही.

याउलट एमपी३चे फ्लॅक करणे हा जागेचा निव्वळ अपव्यय आहे. एमपी३ करताना जे गेले ते परत येत नाही, फाइल तेवढी तिप्पट-चौपट फुगते. एमपी३चे पुन्हा वेगळे एमपी३ किंवा एएसी करणे त्याहून वाईट, कारण प्रत्येक वेळी आवाज थोडा आणखी झिजतो. कॅसेटवरून उतरवलेल्या वेव्ह फाइल असतील तर त्या मात्र नक्की फ्लॅक करा. वेव्हमधले टॅग अनेक प्लेअर वाचत नाहीत, आणि फ्लॅकमध्ये जागाही साधारण निम्मी लागते.

कार्ड विकत घेताना आणि तयार करताना

१२८ जीबीच्या कार्डावर संगणक ११९ जीबी दाखवतो. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. हिशोबासाठी एवढे लक्षात ठेवा: ३२० केबीपीएसचे एमपी३ मिनिटाला २.४ एमबी घेते, म्हणजे तासाचा अल्बम सुमारे १४४ एमबी. सीडीवरून काढलेला तेवढाच अल्बम फ्लॅकमध्ये बहुधा ३०० ते ४०० एमबी होतो.

खरी फसवणूक बनावट कार्डांत असते. आत १६ जीबीची चिप आणि वर १२८चा छाप. कार्डातला कंट्रोलर संगणकाला धडधडीत १२८ सांगतो, कॉपीही विनातक्रार पूर्ण होते. पण खरी जागा संपल्यावर आलेला डेटा एक तर हरवतो किंवा आधीच्या डेटावर चढतो. लक्षण ठरलेले असते: फाइलींची यादी पूर्ण दिसते, काही अल्बम नीट वाजतात, बाकीच्यांत शांतता, खरखर किंवा ‘फाइल चालत नाही’ असा निरोप. यावर एकच इलाज, कार्ड घेतल्या घेतल्या रिकामे असतानाच तपासणे. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ ही मोफत साधने आहेत. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेले परत वाचून पाहतात. १२८ जीबीला कार्डाच्या वेगानुसार दोन-तीन तास लागू शकतात. लागू द्या. परत करायची मुदत संपण्याआधी हे झालेले बरे.

६४ जीबी आणि त्यापुढची कार्डे एक्सफॅट रचनेत (कार्डावर फाइल मांडायच्या पद्धतीत) येतात. काही जुने किंवा साधे प्लेअर फक्त फॅट३२ ओळखतात. अशा प्लेअरमध्ये कार्ड घातले की ‘कार्ड नाही’ किंवा ‘फॉरमॅट करा’ असे दिसते. प्लेअरच्या मेनूत फॉरमॅटची सोय असेल तर तिथूनच करा, म्हणजे त्याला हवी ती रचना तो स्वतः करून घेतो. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत बरीच वर्षे ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नसत, त्यासाठी वेगळे साधन लागते. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही. गाण्यांना ही अडचण येत नाही, अख्ख्या रात्रीच्या मैफलीचे एकसंध ध्वनिमुद्रण असेल तर येते.

टॅग: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

प्लेअर फोल्डरांची नावे बघून अल्बम लावत नाही, टॅग बघून लावतो. नाट्यगीतांचा बारा गाण्यांचा संग्रह घ्या. गायक सात असतील आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा असेल तर अनेक प्लेअर त्याचे सात अल्बम करतात. बाराही गाण्यांना त्या रकान्यात ‘विविध कलाकार’ असे अक्षरशः एकसारखे लिहा, की अल्बम जुळतो. एकसारखे म्हणजे खरोखर एकसारखे. एका गाण्यात नावाच्या शेवटी चुकून एक स्पेस राहिली तरी प्लेअरला तो दुसरा अल्बम वाटतो, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

आपल्याकडची मोठी अडचण नावांची. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’, शिवाय रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगे, मिळून प्लेअरवर चार-पाच वेगळे गायक उभे राहतात. एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. उपाधी लावायची असेल तर सर्वांना लावा. मग मात्र ‘पं.’ वाले सगळे ‘प’ खाली गोळा होतात आणि कुमार गंधर्व ‘क’ मध्ये सापडत नाहीत. आम्ही उपाधी गाळून ठेवण्याच्या बाजूचे आहोत. आदर कमी होत नाही आणि शोधणे सोपे होते.

शास्त्रीय संगीतात गाण्याच्या नावाच्या जागी ‘ट्रॅक ०१’ राहू देऊ नका. ‘यमन – विलंबित एकताल’, ‘यमन – द्रुत तीनताल’ असे लिहा आणि ट्रॅक क्रमांक भरा. क्रमांक नसला की प्लेअर अक्षरक्रम लावतो, आणि ‘द्रुत’ हा ‘विलंबित’च्या आधी येतो. दोन सीडींचा संच असेल तर डिस्क क्रमांकही भरा, नाहीतर दोन्हींतले पहिले गाणे, मग दोन्हींतले दुसरे अशी सरमिसळ होते. विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये क्षणभर तुटक जाणवत असेल तर प्लेअरमध्ये ‘गॅपलेस’ (मध्ये खंड न पाडता वाजवायची सोय) चालू आहे का ते पाहा.

नेटवरून उतरवलेल्या एमपी३त बरेचदा अल्बमच्या रकान्यात वेबसाइटचे नाव घातलेले असते. त्या एका नावाखाली शेकडो गाणी गोळा होतात. एमपी३टॅगमध्ये त्या नावाने शोधा, सगळ्या फाइल एकदम निवडा आणि तेवढे नाव पुसा.

देवनागरी दिसत नाही तेव्हा

यात तीन वेगवेगळे बिघाड असतात आणि उपायही वेगळे.

रिकामे चौकोन दिसले तर प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही. टॅग बरोबर असतात, ते बदलून काही होणार नाही.

टोप्या-मात्रा लावलेली रोमन अक्षरे आणि चलनाची चिन्हे दिसली तर एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची सांकेतिक पद्धत) चुकले आहे. एमपी३टॅगच्या पर्यायांत ‘टॅग’ आणि त्याखाली ‘एमपेग’ इथे लिहिण्याची पद्धत आयडी३ (एमपी३मधल्या टॅगची रचना) २.३, यूटीएफ-१६ अशी ठेवा, सगळ्या फाइल निवडा आणि पुन्हा सेव्ह करा. आयडी३च्या २.३ आवृत्तीत यूटीएफ-८ नाही, ते २.४मध्ये आले, आणि जुने प्लेअर २.४ वाचताना अडखळतात. आयडी३ची पहिली आवृत्ती तर गाणे, गायक, अल्बम या रकान्यांना प्रत्येकी फक्त ३० बाइट देते आणि युनिकोड जाणतच नाही. प्लेअर तीच वाचत असल्याची शंका आली तर तो जुना टॅग काढून टाका. संगणकावरही मजकूर तसाच विचित्र दिसत असेल, तर तो साठवतानाच बिघडलेला आहे. बहुधा तो पुन्हा टाइप करावा लागतो.

तिसरा बिघाड फसवा असतो. अक्षरे दिसतात, पण जोडली जात नाहीत. हे प्लेअर घेण्याआधी तपासायचे असेल तर एक गाणे तयार करा आणि त्याला नाव द्या: ‘भक्तिगीत कीर्तन ज्ञानेश्वर’. पहिल्या शब्दात पहिली वेलांटी ‘क्त’च्या आधी उभी राहिली पाहिजे, दुसऱ्यात रफार ‘त’च्या डोक्यावर बसला पाहिजे, तिसऱ्यात ‘ज्ञ’ एकसंध दिसला पाहिजे. वेलांटी मागे पडली आणि पाय मोडलेला ‘र्’ सुटा दिसला, तर त्या प्लेअरला अक्षरजुळणी येत नाही. हे टॅग बदलून सुटत नाही, कंपनीने प्लेअरचे सॉफ्टवेअर सुधारले तरच सुटते. अशा प्लेअरसाठी संग्रहाची रोमन टॅगची वेगळी प्रत करा, मूळ देवनागरी मात्र पुसू नका. अर्धे देवनागरी, अर्धे रोमन ठेवलेत तर याद्यांत आधी सगळे रोमन आणि मग देवनागरी येते, आणि एकच गायिका दोन टोकांना सापडते.

मुखपृष्ठाचे चित्र दिसत नसेल तर ते ५०० बाय ५०० पिक्सेलच्या आसपास करून साध्या जेपेगमध्ये फाइलीत घाला. ‘प्रोग्रेसिव्ह’ प्रकारचे जेपेग काही प्लेअर दाखवत नाहीत.

कॉपी करताना

केबल चार्जिंगपुरतीच नाही ना, एवढे आधी पाहा. मग शक्य असेल तर कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला. प्लेअरच्या यूएसबीतून वेग बरेचदा फार कमी मिळतो. सेकंदाला २० एमबी धरले तर १०० जीबीला जवळजवळ दीड तास लागतो.

ज्या साध्या प्लेअरना टॅग कळत नाहीत, ते बरेचदा फाइल कार्डावर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात, नावाच्या क्रमाने नाही. नावापुढे ०१, ०२ लिहूनही क्रम चुकतो तो यामुळे. तो फोल्डर कार्डावरून काढा आणि फाइल क्रमाने पुन्हा टाका, किंवा फॅटसॉर्ट हे क्रम लावून देणारे साधन वापरा.

फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा कोलन, तारांकन, उभी रेघ किंवा दुहेरी अवतरणचिन्ह असेल तर विंडोजच्या रचनेचे कार्ड ती घेत नाही. मॅक किंवा लिनक्सवरच्या संग्रहात अशी नावे हमखास असतात. दोनशे फाइलींपैकी नेमक्या तीन पोहोचत नाहीत, त्या याच. मॅकवरून कॉपी केल्यावर प्लेअरवर प्रत्येक गाणे दोनदा दिसत असेल आणि त्यातले एक वाजत नसेल, तर टिंब आणि अंडररेघ यांनी सुरू होणाऱ्या मॅकच्या छोट्या फाइल कार्डावर आल्या आहेत. त्या पुसल्या तरी गाण्यांना काही होत नाही.

प्लेलिस्टच्या एम३यू फाइलमध्ये गाण्यांचे पत्ते लिहिलेले असतात. ते ‘सी’ ड्राइव्हपासून सुरू होत असतील तर कार्डावर अर्थातच सापडत नाहीत. नोटपॅडमध्ये उघडा, पुढचा भाग काढून टाका म्हणजे प्लेलिस्ट जिथे आहे तिथून पुढचाच पत्ता उरेल, आणि यूटीएफ-८मध्ये एम३यू८ या शेपटाने सेव्ह करा.

कॉपी झाली की कार्ड थेट ओढू नका, इजेक्ट करा. शेवटच्या काही फाइल अर्धवट राहण्याचे हे नेहमीचे कारण आहे. फ्लॅकमध्ये प्रत्येक फाइलीच्या आत ध्वनीची पडताळणी-खूण साठवलेली असते. फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमधल्या तपासणीच्या सोयीने कार्डावरची प्रत धडधाकट आहे का ते कळते.

तरीही गाणे सापडत नसेल तर

आधी प्लेअरला लायब्ररी पुन्हा स्कॅन करायला लावा. मग गायक-अल्बमची यादी सोडा आणि फोल्डरच्या यादीत जाऊन तेच गाणे शोधा. तिथे दिसले आणि वाजले, तर दोष टॅगचा किंवा स्कॅनचा. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये अशा वेळी त्या फोल्डरात ‘डॉट नोमीडिया’ नावाची लपवलेली फाइल आहे का तेही पाहा, विशेषतः फोल्डर मोबाइलवरून आला असेल तर. ती असली की स्कॅन त्या फोल्डरला वगळून पुढे जातो. फोल्डरात दिसते पण वाजत नाही, तर फाइलचा प्रकार प्लेअरला झेपत नाही किंवा प्रत खराब झाली आहे. तीच कार्डावरची फाइल संगणकावर वाजवून पाहिली की दोन्हींतले कोणते ते कळते. फोल्डरातच दिसत नसेल तर ते गाणे कार्डावर पोहोचलेलेच नाही: नावातले चिन्ह तपासा, आणि फोल्डरात फोल्डर घालून पत्ता विंडोजच्या २६० अक्षरांच्या मर्यादेजवळ गेला आहे का ते मोजा.