स्यूनिकला जाताना आधी नकाशा उघडा
लेक येरेवानला मेडिकलला, म्हणून आर्मेनियाला जाणं झालं. तुम्ही गेलात तर दक्षिणेच्या स्यूनिक प्रांतासाठी दोन दिवस ठेवाच. आधी नकाशा बघा: पूर्वेला अझरबैजान, पश्चिमेला त्याचाच, पण मुख्य भूमीपासून तुटलेला नखिचेवान, खाली अरास नदी आणि पलीकडे इराण. या चिंचोळ्या पट्ट्यावर एवढ्यांचा डोळा का, ते लगेच कळतं.

मुक्काम गोरिसला करा. सकाळी हालिदझोरहून ५.७ किलोमीटरच्या रोपवेने दरी ओलांडून ९व्या शतकातल्या तातेव मठात उतरा. तिथला गवाझान हा डुलणारा दगडी खांब भूकंपाची चाहूल द्यायचा, असं सांगतात. मी त्याच्यापुढे बराच वेळ हात जोडून उभी होते.

परतताना सिसियानजवळचे झोरात्स कारेरचे उभे दगड पाहा. वारा फार, स्वेटर हवाच.