पोरांच्या हाती पुडी जाऊ नये म्हणून काय करावं

पोराला तंबाखूची पहिली पुडी टपरीवाला देतो, असं आपण धरून चालतो. पण पुष्कळ घरांत ती त्याच्या हातात आपणच ठेवतो. "जा रे, आप्पांची पुडी घेऊन ये, उरलेल्या पैशांचं चॉकलेट घे." आठ वर्षांच्या पोराला कुठली पुडी, सोबत चुना लागतो की नाही, टपरीवर ती कुठल्या खिळ्याला लटकते, सगळं तोंडपाठ असतं. पाच-सहा वर्षं हे काम केलेला पोरगा एक दिवस स्वतःसाठी पुडी घेतो, तेव्हा त्याला त्यात नवं काहीच वाटत नाही. शाळेत कॅन्सरची चित्रं दाखवण्याआधी हे काम बंद करावं लागतं.

आधी घर

पहिला नियम: तंबाखू, विडी, सिगारेट आणायला पोराला पाठवायचं नाही. ज्याला लागते त्याने स्वतः उठून जावं. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकणं गुन्हा आहे. पुडी कुणासाठी घेतली, याला तिथे महत्त्व नाही. "आजोबांसाठी आणतोय" म्हणणाऱ्या पोराला पुडी देणारा दुकानदारही त्यात येतो.

घरातली मोठी माणसं एका दिवसात तंबाखू सोडतील अशी अट घालू नका. अट घातली की वाद होतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. आजोबांना एवढंच सांगा: "आबा, पोरांसमोर मळू नका, अन् डबी उघड्यावर ठेवू नका." हे बहुतेक म्हातारी माणसं ऐकतात. नातवासाठी तर नक्कीच.

मिश्रीचं काय? तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास ज्या घरात सकाळी येतो, तिथे मुलींची सुरुवात दातांपासून होते. दाढ दुखली, लावली जराशी मिश्री. ठणका थोडा वेळ कमी वाटतो आणि दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा डबीकडे जातं. मिश्रीने दात स्वच्छ होतात हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने 1992 मध्येच बंदी केली, ती उगाच नव्हे. दाढ दुखत असेल तर लवंग धरा आणि ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा जवळच्या दंतवैद्याला दाखवा. मुलीच्या बोटाला मिश्री लावायची नाही, दुखलं तरी नाही. पोरांविषयी बोलताना आपण मुलींना विसरतो, कारण त्या टपरीवर दिसत नाहीत.

मग ताटली. लग्नघरी, दारावर बसायला (दुःखाच्या भेटीला) आलेल्यांसमोर, कुठे कानबाईच्या रोटांच्या पंगतीनंतरही सुपारी, चुना, तंबाखू मांडलेली ताटली फिरते. ती फिरवायला हमखास एखादं पोरगं धरलं जातं. तुमच्या घरचं कार्य असेल तेव्हा ताटलीत बडीशेप, धनाडाळ, खडीसाखर ठेवा. दोन जण कुरकुरतील, "मान राखला नाही" म्हणतील. म्हणू द्या. पंगत चांगली झाली असेल तर लोक ताटली विसरतात.

सुपारीला साधी समजू नका

इथे जरा थांबून वाचा, कारण पालक सगळ्यात जास्त इथेच फसतात. "तंबाखू नाही हो, नुसती गोड सुपारी खातो." आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, कर्करोग करणारी म्हणून ठरवलं आहे. तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाण्याचा जो आजार आहे, त्याचं मुख्य कारण सुपारीच आहे. गाल आतून कडक होतात, तोंड उघडणं कमी होत जातं. ताठ झालेली कातडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही आणि पुढे त्याच जागी कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

या आजाराची सुरुवात खान्देशातल्या आईला कुठल्याही डॉक्टरच्या आधी कळू शकते. ती ताटात दिसते. कालपर्यंत शेवभाजीची तर्री ओरपणारा पोरगा आज "लय तिखट केली" म्हणतो. हिरव्या मिरचीचं भरीत बाजूला सारतो, ठेच्याला हात लावत नाही, भाकर दुधात कुस्करून मागतो. घरातल्या बाकीच्यांना तीच भाजी नेहमीसारखी लागते. असं आठ-पंधरा दिवस चाललं तर त्याला उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. त्याचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का ते बघा. जात नसतील, किंवा गालाच्या आत पांढुरका, फिकट पट्टा दिसत असेल, तर दंतवैद्याकडे न्या. रागावणं नंतर. तिखट लागण्याला दुसरी कारणंही असतात, तोंड आलेलं असतं, पोट बिघडलेलं असतं. पण बघायला दोन मिनिटं लागतात.

कधी जपायचं

देशभरातल्या 13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांची 2019 मध्ये पाहणी झाली. त्यात 8.5 टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. चाळीस पोरांच्या वर्गात तीन-चार. म्हणजे दहावीत समजावू म्हणाल तर उशीर झालेला असतो. पाचवी-सहावीपासून बोलायला लागा.

वयासोबत हंगामही बघा. आपल्याकडे काही महिने जास्त जोखमीचे. कापूस वेचणीत पोरगं दिवसभर मोठ्यांबरोबर शेतात असतं, केळीच्या कटाईत गाडी भरायला जातं, दिवाळीनंतर सातपुड्याकडच्या पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. "खाल्ली की भूक लागत नाही," हे वाक्य पोरं तिथेच ऐकतात. ते खोटंही नाही, निकोटिन भूक मारतं. पण वाढत्या अंगाला भूक लागायलाच हवी. पोराला शेतात पाठवत असाल तर न्याहारीचा डबा भरपूर द्या, सोबत शेंगा, फुटाणे द्या. रिकाम्या पोटी उन्हात उभ्या पोराला उपदेश सुचत नाही, हाताशी जे आहे ते सुचतं.

दुसरी वेळ आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पावसापर्यंतची: सुट्ट्या, लग्नं, वरातीत नाचणारे चुलत-मावस भाऊ. तिसरी अकरावीची. पोरगा गावातून तालुक्याला जायला लागतो, एसटीची वाट बघत स्टँडवर तास-तास काढतो, खिशात पहिल्यांदा रोजचे पैसे येतात. पैसे बंद करू नका, हिशेब विचारा. तोही हप्त्याला एकदा, चहा पिता पिता.

बोलायचं कसं

कॅन्सरचं नाव घेऊन चौदा वर्षांचं पोरगं घाबरत नाही. त्याला चाळिशी म्हणजे म्हातारपण वाटतं, आणि गावात ऐंशीचे तंबाखू खाणारे आजोबा त्याच्या डोळ्यांसमोर असतात. त्याला आज जे हवं आहे त्यावर बोला.

आपल्याकडे गावोगावी पोरं पहाटे भरतीच्या तयारीला रस्त्यावर पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावावं लागतं, मुलींना 800. विडी-सिगारेटने दम कुठे कमी पडतो हे त्या पोराला स्टॉपवॉचवर दिसतं, त्याला वेगळं व्याख्यान नको. गावात भरती झालेला एखादा ताई-दादा असेल तर सुट्टीवर आल्यावर त्याला पोरांशी बोलायला लावा. सरपंचांच्या भाषणापेक्षा ते लागू पडतं.

पैशाचा हिशेब पोरालाच करायला सांगा. दहा रुपयांची पुडी, दिवसाला तीन. महिन्याचे 900, वर्षाचे जवळपास 11 हजार. त्या पैशांत काय येतं हे तुम्ही सांगू नका. तो स्वतःच मोबाइलचं नाव घेईल.

आणि एक तयारी ठेवा. तो उलट विचारेल, "तुम्ही खातात ना?" यावर डोळे वटारू नका. खात असाल तर सरळ सांगा: "खातो. सोडायला बघतोय, सुटत नाही. म्हणूनच तुला सांगतोय." बाप हे बोलला की पोरगा ऐकतो. खोटं बोललेलं मात्र त्याला वासावरूनच कळतं.

नाही म्हणायची तालीम

मोठा भाऊ किंवा मित्र हात पुढे करतो, "खाई देख ना भो, एकडाव." त्या क्षणी पोराला कायदा आठवत नाही, तोंडात पटकन येईल असं वाक्य लागतं. ते आधी घरी, हसत-खेळत म्हणवून घ्या. वर्गात दोन-दोन पोरांच्या जोड्या करून शिक्षकही घेऊ शकतात. "माले नको भो." "तोंड येल शे" (तोंड आलंय). "उद्या ग्राउंड आहे, दम लागतो." वाक्य छोटं असावं आणि त्याच्याच बोलीतलं असावं. पुस्तकी नकार दिला तर हशा होतो. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर तिथून उठायचं, चर्चा करायची नाही, हेही शिकवा. आणि खिशात शेंगा असल्या तर उत्तम, नकार देणाऱ्याने काहीतरी पुढे केलं की बैठक मोडत नाही.

शाळा आणि टपरी

शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर, शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या बाजूपासून मोजलेले. ही मोजणी सातवी-आठवीच्या गणिताच्या तासाला पोरांकडूनच करून घ्या. टेप घेऊन निघायचं, जिथे अंतर भरेल तिथे रस्त्यावर पिवळी रेघ मारायची. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत ही रेघ आहेच, पण पोरांनी स्वतः मारलेली रेघ गावात चर्चेचा विषय होते. शाळेच्या दारावरचा फलक, शिक्षकांमधून एक तंबाखू मॉनिटर, हेही त्याच निकषांतलं. स्टाफ रूममध्ये कुणी बार भरत असेल तर फलकाचा उपयोग शून्य.

टपरीवाल्याकडे आधी तक्रार घेऊन जाऊ नका. तो गावातलाच, बहुधा भाऊबंद किंवा ओळखीचा. दोन-तीन पालक आणि एक शिक्षक मिळून जा, गिऱ्हाईक नसेल अशा वेळी, आणि शांतपणे सांगा: पोरांना द्यायची नाही, मागायला आलं तर आम्हाला कळवा. तो म्हणेल, दोनशे रुपये तर दंड आहे. तंबाखू कायद्याखाली विक्रीचा दंड 200 रुपयांपर्यंतच आहे, हे खरं. पण 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 वेगळं आहे: मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे त्याला धमकी म्हणून न सांगता माहिती म्हणून सांगा. बऱ्याच जणांना ते खरोखर ठाऊक नसतं. सुटी विडी-सिगारेट विकायलाही राज्यात 2020 पासून मनाई आहे.

गुटख्याचं प्रकरण निराळं. राज्यात 2012 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात आली. आपले जिल्हे गुजरात आणि मध्य प्रदेशाला लागून, त्यामुळे माल पकडल्याच्या बातम्या येत राहतात आणि टपरीवर पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या एकत्र करून खाण्याचा प्रकारही चालतो. इथे समजावणीला मर्यादा आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे किंवा पोलिसांकडे तक्रार द्या. एकट्याने दिली तर वैर येतं, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा ग्रामसभेच्या ठरावाने द्या.

व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, थोडक्यात. शहरात शिकायला गेलेल्या पोरांकडून ते इकडेही येतं. दिसायला पेन किंवा पेनड्राइव्हसारखं, वास फळांचा. त्यात बहुधा निकोटिनच असतं आणि 2019 च्या कायद्याने देशभर त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

सुरू झालीच असेल तर

मारू नका. मारलं की पोरगा सोडत नाही, लपवतो, आणि लपवलेल्या व्यसनाला मदत करता येत नाही. किती दिवसांपासून, दिवसाला किती, कुणाबरोबर, एवढं विचारा आणि उत्तर आलं की गप्प बसा.

सोडायचा दिवस त्यालाच ठरवू द्या, मात्र लग्न किंवा यात्रेच्या तोंडावर नको. पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड होते, झोप नीट लागत नाही, डोकं दुखतं. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते. तेवढा वेळ काढायचा: पाणी प्यायचं, लांब श्वास घ्यायचा, जागा बदलायची, तोंडात लवंग, ओवा, बडीशेप धरायची. सुपारी चालणार नाही. मधेच एकदा खाल्ली तर "बघ, जमलं नाही" असं म्हणू नका. कुठे, कोणाबरोबर खाल्ली ते विचारा, पुढच्या वेळी ती जागा टाळता येते.

एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करा. फोन मोफत आहे आणि समुपदेशक अनेक भारतीय भाषांत बोलतात. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलवरून आणून पोराला स्वतःच्या मनाने देऊ नका, ते डॉक्टरांना विचारूनच.

आणि तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गिळताना दुखणं, किंवा तीन बोटं न जाणं, यातलं काहीही दिसलं तर सोडण्याच्या तारखेची वाट बघू नका. त्याच हप्त्यात दंतवैद्याला दाखवा.