बर्फावरची रेघ तपासा
यूएस फिगर स्केटिंग या अमेरिकेतल्या संस्थेच्या प्रौढांसाठीच्या प्री-ब्राँझ (सुरुवातीच्या पातळीच्या) चाचणीत बर्फावर आखलेल्या हॉकीच्या रेषेवर पाय बदलत अर्धवर्तुळं काढावी लागतात. तयारी करताना बर्फ गुळगुळीत करणारं मशीन फिरून गेलं की लगेच रिंकवर उतरा. एक अर्धवर्तुळ काढा, थांबा आणि वाकून माग बघा. एकच बारीक, वळत गेलेली रेघ असेल तर एज, म्हणजे ब्लेडची एका बाजूची कड, नीट लागली. शेजारी शेजारी दोन रेघा दिसल्या, तर ब्लेड सपाट पडलंय: गुडघा आणखी वाकवा, घोट्यापासून अंग कलू द्या. मोठेपणी शिकणाऱ्यांचा गुडघाच ताठ राहतो, बहुतेक पडण्याच्या भीतीनं. कच्चा पाय आधी घ्या, दमण्यापूर्वी. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी ब्लेडला धार अजिबात लावू नका. आठवडाभर आधी लावा, पायाला सवय होऊ द्या.