वीस मुलांचे जीएफएम झालात? वर्षाचं काम असं लावून घ्या

अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाची वीस-पंचवीस मुलांची बॅच एका शिक्षकाकडे सोपवतात. कुठे त्याला जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर) म्हणतात, कुठे मेंटॉर, कुठे पालक-शिक्षक. बऱ्याच ठिकाणी हे काम नॅकच्या मूल्यांकनासाठी फाइल आणि फाइलमध्ये सह्या एवढ्यावरच आटोपतं. फाइल भराच. पण त्याच बॅचमध्ये एखादी मुलगी घरातली पहिली पदवीधर होणार असते, एखादा मराठी माध्यमातून थेट इंग्रजी वर्गात आलेला असतो, एखाद्याला फळा नीट दिसत नसतो. वर्गात उभं राहून "काही अडचण आहे का?" विचारलं की तिघंही "नाही सर" म्हणतात. सगळ्यांदेखत दुसरं उत्तर येणारच नाही.

पहिली भेट

दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात, प्रत्येकाला स्वतंत्र पंधरा मिनिटं द्या. वेळ तुम्ही लावून द्या. "केव्हाही या" म्हटलं की ज्यांच्या घरी शिक्षकांशी बोलायची सवय आहे तीच मुलं येतात. वेळ ठरवण्याआधी परतीची एसटी किंवा लोकल किती वाजता आहे ते विचारा. बोलणं मुलाला सोपं जाईल त्या भाषेत होऊ द्या.

प्रश्न नेमके हवेत. कॉलेजला पोचायला किती वेळ लागतो? संध्याकाळी कुठे काम करतोस का? लॅपटॉप आहे, की सगळं मोबाइलवरच? कोणता विषय समजतो पण पेपरात लिहिता येत नाही? तुझ्या नंबरवर फोन केला तर घरात कोण उचलतं?

"मूळचे कुठले?", "आडनाव काय म्हणालास?" ही आपली जुनी खोड आहे आणि समोरच्याला त्यातला छुपा प्रश्न बरोबर कळतो. चारचौघांत सीईटीचं पर्सेंटाइल विचारणं हाही त्याच प्रश्नाचा दुसरा वेश. हजेरीत काहींना नावाने आणि काहींना आडनावाने हाक मारत असाल तर तेही बंद करा. विद्यार्थ्याने कागदोपत्री नावाहून वेगळं नाव सांगितलं तर बोलताना तेच वापरा. फॉर्मवर कोणतं लिहायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा.

शिष्यवृत्ती: खरी गळती इथे होते

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज हे ऑफिसचं काम, असं समजू नका. पैसे अडकले की परीक्षेचा फॉर्म अडकतो, मग मुलं गैरहजर राहू लागतात. अर्ज सुरू झाले की सूचना पूर्ण बॅचला द्या. मागास प्रवर्गातल्या मुलांची नावं वर्गात वाचून दाखवू नका. त्यानंतर प्रत्येकाकडून एवढं तपासून घ्या:

१. उत्पन्नाचा दाखला चालू आहे का. ओबीसी, व्हीजेएनटी विद्यार्थ्यांचं नॉन-क्रीमीलेअरही बघा, त्याची मुदत ३१ मार्चला संपते.
२. जात पडताळणी झाली आहे, की नुसती पावती आहे. पावतीवर प्रवेश मिळालेला असेल तर प्रमाणपत्र द्यायच्या मुदतीची तारीख तुमच्या डायरीत लिहा.
३. बँक खातं आधारशी 'सीड' झालंय का, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी जोडलंय का. बँकेत आधार कार्ड दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नव्हे. मुलाच्या नावावर दोन-तीन खाती असली तर पैसे भलत्याच खात्यात जाऊन पडतात आणि मूल समजतं की आलेच नाहीत.
४. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचं आहे, हे त्याला माहीत आहे का. 'एकदा भरला की चार वर्षं चालतो' हा गैरसमज फार पसरलेला आहे.

पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं म्हणून अनुसूचित जातीचे विद्यार्थी अर्जच भरत नाहीत. त्यांच्यासाठी फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी आहे, ते सांगा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. वसतिगृह न मिळालेल्यांना स्वाधार (अनुसूचित जाती, नवबौद्ध) आणि स्वयम् (अनुसूचित जमाती) या योजना आहेत. त्यांचे अर्ज वेगळे असतात, म्हणून राहून जातात.

मराठी माध्यमातून आलेली मुलं

पहिल्या चाचणीत यांचे गुण पडतात, पण प्रत्येक वेळी विषय कच्चा असतो असं नाही. बरेचदा प्रश्नातलं क्रियापद अडतं. 'एक्स्प्लेन', 'जस्टिफाय', 'डिराइव्ह', 'डिफरन्शिएट' या चारही प्रश्नांना तीच पाठ केलेली व्याख्या लिहिली जाते. जुन्या प्रश्नपत्रिकांतून अशी पंधरा-वीस क्रियापदं काढा आणि प्रत्येकापुढे चार गुणांच्या उत्तरात काय काय हवं ते लिहून द्या. उत्तर आधी मराठीत बोलून घ्या, मग इंग्रजीत लिहायला लावा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि 'इंग्रजी सुधार' या उपदेशापेक्षा कितीतरी उपयोगी. ओरलच्या आधी एकदा पाच मिनिटांची तालीमही घ्या.

इंटर्नशिपची किंवा स्पर्धेची माहिती ग्रुपवर टाकली की नेहमीचे चारच जण हात वर करतात. गप्प राहणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना वेगळं गाठून "तू भर, कधीपर्यंत भरतोस?" असं विचारा.

घरी फोन करण्याआधी

कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर यादी लागली की पालकांना फोन करायची पद्धत आहे. आधी विद्यार्थ्याला विचारा. सकाळचंच लेक्चर बुडत असेल तर कारण बहुधा बस किंवा रात्रपाळी असतं. मुलीच्या घरी केलेला एक फोन काही वेळा 'आता शिक्षण पुरे' इथवर जातो. तिने नको म्हटलं तर दोन आठवड्यांची मुदत द्या, लेखी ठरवा आणि बघा. मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतील असा मोठा ग्रुप करण्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी.

अपंगत्व

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, थॅलसेमिया त्यात येतात, म्हणजे दिसून येईलच असं नाही. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल तर परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच करायला लावा. हॉलतिकीट आल्यावर धावपळ केली तर लेखनिक सापडत नाही. स्कॅन केलेल्या झेरॉक्सची पीडीएफ स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचू शकत नाही, तेव्हा नोट्स टाइप केलेल्या द्या. लॅब तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, अशी स्थिती असेल तर टाइमटेबल लागण्याआधी विभागप्रमुखांशी बोला. काय सोयीचं पडेल ते मात्र विद्यार्थ्यालाच विचारा.

तुमच्या हाताबाहेरचं

"कुणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊ नका. जिवाला धोका वाटला तर सांगावंच लागेल, हे सुरुवातीलाच स्पष्ट करा. मुलगा खूप खचलेला दिसला तर "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाची चौकशी तुम्ही करू नका. लेखी तक्रार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जायला हवी, साधारण तीन महिन्यांच्या आत.

फाइलमध्ये हकिकत लिहू नका, कृती लिहा: 'उत्पन्न दाखल्यासाठी पत्र दिले', 'समुपदेशकाकडे पाठवले'. ती फाइल पुढे किती हातांतून जाईल सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षी बॅच नव्या जीएफएमकडे गेली की पडताळणीची तारीख, लेखनिकाची मंजुरी, शिष्यवृत्तीचा अडकलेला हप्ता आणि एटीकेटीचे (राहिलेले) विषय एवढंच एका कागदावर द्या. बाकीचं विद्यार्थ्याला विचारून, त्याने हो म्हटलं तरच.