भाजलेल्या जखमेवर रुग्णाच्याच त्वचापेशींची फवारणी

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे शल्यचिकित्सक फिओना वूड आणि शास्त्रज्ञ मेरी स्टोनर यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत १ चौरस सेंटीमीटर त्वचेपासून सुमारे ८० चौरस सेंटीमीटर जखमेवर पेशी पसरवता येतात. प्रशिक्षित चमूनेच ती शस्त्रक्रियागृहात वापरावी.

प्रथम जखमेतील मृत ऊती काढाव्यात आणि तळातून ठिपक्याठिपक्यांनी ताजे रक्त दिसू लागेपर्यंत थांबू नये, कारण मृत किंवा जंतुबाधित पृष्ठभागावर पेशी रुजत नाहीत. माझ्या मते उपचाराचे यश बहुतांशी येथेच ठरते.

निरोगी जागेवरून घेतलेला त्वचेचा अतिशय पातळ तुकडा ३७ अंश सेल्सिअसच्या ट्रिप्सिनमध्ये (पेशींमधील बंध सोडवणाऱ्या विकराच्या द्रावणात) साधारण १५ ते २० मिनिटे ठेवावा. नंतर स्कॅल्पेलने त्याची कड हलकेच खरवडून पाहावी. वरचा थर सहज सुटत नसेल, तर तुकडा पुन्हा द्रावणात सोडावा. तो सुटू लागल्यावर ट्रिप्सिन धुऊन टाकावे, वरचा आणि खालचा असे दोन्ही थर बफर द्रावणात (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) खरवडावेत आणि तयार झालेले गढूळ द्रावण गाळून लगेच फवारावे. जखम त्वचेच्या पूर्ण जाडीची असल्यास केवळ फवारणी पुरत नाही, जाळीदार त्वचारोपणही (छेद देऊन जाळीसारखी ताणलेली त्वचा बसवणे) करावे लागते.

वर न चिकटणारी, बारीक छिद्रांची पट्टी लावावी आणि सुमारे आठवडाभर ती हलवू नये.