कॉमन लॉ मधले जुने शब्द घोकू नका, असे लक्षात ठेवा

लॉ ला ॲडमिशन घेतलेल्यांचा पहिला वैताग म्हणजे कॉमन लॉ चे, म्हणजे इंग्लंडमध्ये कोर्टाच्या निकालांतून घडत गेलेल्या कायद्याचे, हे शब्द. सीझिन, चॅटल, फी सिंपल. डिक्शनरी उघडावी तर एका शब्दाच्या अर्थात असलेच अजून तीन शब्द! मी पण आधी पाठच केले होते, पेपर झाला की सगळं साफ. नंतर जे जमलं ते सांगतो.

आधी हे डोक्यातून काढा की शब्द इंग्लिश आहे. 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, मग कोर्टात बोलणं फ्रेंचमध्ये आणि लिखापढी लॅटिनमध्ये. 1362 ला कायदा झाला की कोर्टात इंग्लिश बोला, तरी वकील काही फ्रेंच सोडेनात, आणि कागदपत्रं इंग्लिशमध्ये सक्तीची व्हायला 1733 उजाडलं. आपल्याकडे राज्यं बदलली तरी वकील, फिर्याद, जामीन हे जुने शब्द तसेच राहिले ना, तसंच ते. म्हणून शब्द फोडायचा. मॉर्टगेज घ्या, मॉर्ट म्हणजे मेलेलं, गेज म्हणजे तारण. मेलेलं कशाला? 15व्या शतकात लिटलटन नावाच्या इंग्लिश न्यायाधीशाने दिलेलं कारण भारी आहे, मुदतीत पैसे फेडले नाहीत तर जमीन कर्जदाराला मेली आणि फेडले तर सावकाराला मेली.

मग लोक प्रत्यक्षात काय करायचे ते बघा. सीझिन म्हणजे ताबा असं लिहून मोकळे होऊ नका. जमीन द्यायची तर दोघं त्या जमिनीवर जायचे, देणारा मातीचं ढेकूळ नाहीतर झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातात ठेवायचा आणि झाला व्यवहार, 1677 च्या कायद्यापर्यंत लेखी कागदाची सक्तीसुद्धा नव्हती. भाडेपट्ट्याने जमीन कसणाऱ्याकडे ताबा असायचा पण सीझिन, म्हणजे मालकासारख्या हक्काने असलेला ताबा, नाही, म्हणून नुसतं ताबा लिहिलं की मार्क गेले.

सगळ्यात जास्त लोक आपटतात ते फी सिंपलला, म्हणजे जमिनीच्या पूर्ण मालकीला. यातली फी म्हणजे पैसे नव्हेत, सरंजामी काळातली वतनासारखी जमीन. जुन्या दस्तात ‘टू बी अँड हिज एअर्स’ (बी म्हणजे जमीन घेणारा, एअर्स म्हणजे वारस) असं दिसलं की वाटतं बी आणि त्याचे वारस दोघांना दिली. चूक. वारसांना त्यातून काहीच मिळत नाही, त्या शब्दांनी एवढंच कळतं की बी ला पूर्ण मालकी मिळाली, उद्या त्याने जमीन विकली तर वारस बघत बसणार. नुसतं ‘टू बी’ लिहिलं तर त्याला फक्त तो जिवंत असेपर्यंत! आणि ‘एअर्स ऑफ हिज बॉडी’ आलं की ती फी टेल, म्हणजे पोटच्या वंशातच फिरणारी, 1285 च्या कायद्यातून आलेली. 1925 च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये पूर्ण मालकीसाठी हे शब्द लागत नाहीत, त्यामुळे नोट्समध्ये शब्दाशेजारी साल टाकाच.

चॅटल आणि कॅटल एकाच मुळातले, गुरंढोरं आठवा की जंगम मालमत्ता आपोआप आठवते. फक्त जमिनीचा भाडेपट्टा पण चॅटलमध्येच धरायचे, 999 वर्षांचा असला तरी.