कुत्र्यासाठी सणाची गिफ्ट घरीच करायची असेल तर

सण जवळ आले की घरात सगळ्यांसाठी काही ना काही घेतलं जातं आणि मग कुणीतरी म्हणतंच, अरे आणि याच्यासाठी काय? विकतचं मऊ खेळणं आणलं तर थोड्याच वेळात आतला कापूस घरभर होतो, आणि विकतच्या बिस्किटांच्या पाकिटावरची यादी वाचायला घेतली तर अर्धी नावं धड वाचताही येत नाहीत. घरी करणं तसं सोप्पंय, फक्त काय करायचं हे आपल्या डोळ्यांनी ठरवायचं नाही, त्याच्या नाकाला काय आवडेल ते बघायचं. माणसाच्या नाकात वास टिपणारे रिसेप्टर साधारण ५० ते ६० लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १० ते ३० कोटी. त्यामुळे तुम्ही रात्री जागून गिफ्टवर त्याचं नाव भरतकामाने काढलंत तरी त्याला त्याचं काही पडलेलं नसतं, आतून चिकनचा वास येतोय का एवढंच तो बघणार.

माझ्या मते सगळ्यात पैसा वसूल गिफ्ट म्हणजे स्नफल मॅट, म्हणजे कापडाच्या दाट पट्ट्यांची चटई, तिच्यात खाऊ लपवायचा आणि कुत्र्याने तो हुंगून हुंगून काढायचा. त्यासाठी भोकं असलेली रबरी चटई लागते, सिंकमध्ये भांड्यांखाली टाकतात ती चालते. आणि फ्लीसचं कापड, जुनं पांघरूण किंवा जॅकेट असलं तर उत्तमच. फ्लीसच का, तर ते कापलं तरी कडेने दोरे सुटत नाहीत. त्याच्या अडीच-तीन सेंटिमीटर रुंद आणि १५ ते १८ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापायच्या. पट्टीची दोन्ही टोकं चटईच्या खालून शेजारशेजारच्या दोन भोकांतून वर काढायची आणि वर घट्ट गाठ मारायची, मग तीच गाठ परत एकदा. सगळ्या आडव्या ओळी झाल्या की त्याच भोकांतून उभ्या ओळी घ्यायच्या, नाहीतर मध्ये टक्कल दिसतं आणि खाऊ लगेच सापडतो. पट्ट्या तुमच्या अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त लागणार, तेव्हा आदल्या रात्री सुरू करू नका, टीव्ही बघता बघता रोज थोडं थोडं केलं की होतं. तयार झाल्यावर उलटी धरून जोरात झटकायची, जी पट्टी सैल असेल ती तेव्हाच कळते. मग त्याचं रोजचंच कोरडं खाणं त्यात पसरायचं, पहिल्यांदा वरवर ठेवायचं, एकदा त्याला खेळ कळला की खोल दडवायचं. जेवण दोन मिनिटांत गिळणारी कुत्री यावर चांगली रमतात आणि नंतर दमून झोपतात. खेळून झालं की मॅट उचलून ठेवायची बरं का, नाहीतर खाऊ संपल्यावर पट्ट्या उपटायचा नवा खेळ सुरू होतो.

ज्याला ओढाओढी आवडते त्याच्यासाठी जुन्या टीशर्टचा दोर. शिवण आणि छापलेला भाग सोडून सहा-सात सेंटिमीटर रुंद, पाऊण मीटरभर लांब पट्ट्या काढायच्या, प्रत्येक पट्टी दोन्ही हातांनी ताणायची म्हणजे तिच्या कडा आत वळतात आणि ती दोरीसारखी गोल होते. अशा सहा पट्ट्या एकत्र बांधून दोन-दोनची जोडी करायची आणि साधी तिपेडी वेणी घालायची. वेणी जेवढी घट्ट तेवढी टिकते, एक टोक दाराच्या कडीला बांधून मागे झुकून ओढत घातली तर बरं पडतं. टोकाला मोठी गाठ आणि पुढे तीन-चार सेंटिमीटरचा झुपका, जास्त नाही. नवीन दोर देण्याआधी दिवसभर त्याच्या खाऊच्या डब्यात ठेवला तर तो आपलाच आहे हे वेगळं सांगायला लागत नाही. ओढाओढी आपण समोर असतानाच, आणि पिल्लांचे दात पडत असतील तर हलक्या हाताने.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगायचीय, दोरे आणि रिबिनी. गिफ्टला चमचमती रिबीन बांधल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, पण कुत्र्याने लांब दोरा किंवा रिबीन गिळली आणि तिचं एक टोक कुठे अडकलं, तर आतडं त्या दोऱ्यावर गोळा होत जातं, नाडी ओढल्यावर लेंग्याच्या चुण्या पडतात ना तसंच, आणि दोरा आतडं कापूही शकतो. अशा वेळी ऑपरेशनच करावं लागतं बहुतेकदा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कुत्र्याला तसंच व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं. म्हणून पॅकिंग साध्या कागदात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात करा, टेप आणि पिना सगळ्या काढून. खरं सांगायचं तर खोकं हेच अर्धं गिफ्ट असतं: मोठ्या खोक्यात चुरगळलेले कागद, त्यात छोटं खोकं, त्यात खाऊ, आणि मग त्याला मनसोक्त फाडू द्या. फक्त तुमचा कुत्रा पुठ्ठा नुसता फाडत नसेल, खात असेल, तर हा प्रकार त्याच्यासाठी नाही.

खाण्याचं म्हणाल तर बिस्किटं सगळ्यांनाच जमतात. दोन कप गव्हाचं किंवा ओट्सचं पीठ, एक अंडं, अर्धा कप उकडून कुस्करलेला लाल भोपळा, दोन टेबलस्पून पीनट बटर, आणि गोळा होईल इतपतच पाणी. मीठ नाही, साखर नाही, बेकिंग पावडरही नको, फुलायची गरजच नाहीये. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून कापायचं आणि १७५ अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजायचं, मग ओव्हन बंद करून बिस्किटं आतच गार होऊ द्यायची, म्हणजे कडक होतात आणि जास्त टिकतात. हाडाचा आकार वगैरे हौस असेल तर करा, पण छोटे चौकोनी तुकडे जास्त उपयोगी. पीठ चालत नसलेल्या कुत्र्यासाठी नुसतं रताळं: लांबट सहा-आठ मिलिमीटरचे काप, १२० अंशांवर अडीच-तीन तास, मध्ये एकदा उलटायचे, चामट झाले की झालं. भोपळा घातलेलं काहीही ओलसर राहिलं असेल तर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा, उरलेलं फ्रीझरमध्ये.

पीनट बटरच्या बरणीवरचं लेबल मात्र नीट वाचा. शुगर फ्री प्रकारात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते, असू शकतं, कधी कधी ते बर्च शुगर नावाने लिहिलेलं असतं, आणि कुत्र्याच्या शरीरात त्याने भसकन इन्सुलिन सुटून रक्तातली साखर कोसळते, लिव्हरही जाऊ शकतं. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे, कांदा-लसूण, त्यांची पावडरसुद्धा, मकाडेमिया नट्स, जायफळ हे काहीच नको. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, तीही नकोत. कच्चं यीस्टचं पीठ ओट्यावर उघडं ठेवू नका, ते पोटात फुगत राहतं आणि वर त्यातून अल्कोहोल तयार होतं. आणि एक हटके धोका, सणाला पंजाचा ठसा घेऊन मीठ-पिठाच्या गोळ्याचं शोभेचं लटकन करतात ना, दिसतं गोड, पण त्यात मीठ इतकं असतं की कुत्र्याने एखादं खाल्लं तरी सोडियमची विषबाधा होऊ शकते, भाजल्याने मीठ कुठे जात नाही. ठसा हवाच असेल तर शाई लावण्याऐवजी पंजा पाण्यात बुडवून गडद कागदावर उमटवा आणि फोटो काढा.

किती द्यायचं? खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावा असं व्हेट सांगतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला ६०० कॅलरी लागत असतील तर खाऊच्या वाट्याला ६० आल्या, आणि एक टेबलस्पून पीनट बटर म्हणजेच जवळपास ९५. यावरून अंदाज घ्या. शिवाय सणाला घरातला प्रत्येक जण टेबलाखालून काहीतरी देत असतो आणि मी तर काहीच दिलं नाही असं प्रत्येक जण शपथेवर सांगतो, तेव्हा दिवसाचा खाऊ सकाळीच एका वाटीत काढून ठेवा आणि ज्याला द्यायचाय त्याने त्यातूनच द्यायचा.

दात नसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला यातलं फारसं काही चालत नाही. त्याच्यासाठी बिनसाखरेचं दही आणि कुस्करलेलं केळं पसरट वाटीत थापून फ्रीझ करा, चाटत बसतो बराच वेळ. किंवा जुना स्वेटर घ्या, त्याची गळ्याची बाजू शिवून टाका, आत फ्लीसचे तुकडे भरा, बाह्यांतही भरून त्या पोटाभोवती वळवून टाका म्हणजे कडेचा लोड होतो, आणि बटणं आधी काढून टाका. स्वेटर धुवायचा नाही. तुमचा वास असलेला स्वेटर म्हणजे त्याच्यासाठी कुठल्याही गादीपेक्षा भारी.

द्यायची वेळही बघा थोडी. घर पाहुण्यांनी भरलेलं, आवाज, पोरं धावतायत, अशात खाऊ भरलेलं खेळणं दिलं की शांत कुत्राही गुरकावू शकतो, म्हणून सगळे गेल्यावर किंवा वेगळ्या खोलीत द्या. दोन कुत्री असतील तर दोन खोल्या. पहिल्यांदा शेजारी बसून बघा तो नक्की काय करतो, चघळतो की तुकडे गिळतो.

दुसऱ्याच्या कुत्र्याला देणार असाल तर आधी मालकाला विचारा, कारण चिकनची ॲलर्जी बऱ्याच कुत्र्यांना असते आणि पॅन्क्रियाजचा त्रास झालेल्याला पीनट बटरसारखं तेलकट चालतच नाही. बरणीवर चिठ्ठी चिकटवा: आत काय काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत संपवायचं. बरणीचं झाकण घट्ट फिरकीचं घ्या, दाबून बसणारं कुत्रं उघडतं.